तिसरीच्या आत वाचता आलेच पाहिजे



घरात तिसरीतले मूल असेल तर आज रात्री जेवणे उरकल्यावर त्याला जवळ बसवा. त्याने आधी न पाहिलेली, साध्या शब्दांतली आठ-दहा ओळींची गोष्ट त्याच्या हातात द्या आणि म्हणा, 'वाच बघू.' मध्ये बोलू नका, चूक सुधारू नका, रागावू तर मुळीच नका. वाचून झाले की पुस्तक मिटा आणि गोष्टीत काय झाले ते विचारा. मग पाटीवर ४२ वजा १७ मांडून द्या. एवढ्याला दहा मिनिटे पुरतात. या दहा मिनिटांत जे कळेल ते वर्षभराच्या प्रगतिपुस्तकातून कळत नाही.

'असर' या देशव्यापी पाहणीत खेडोपाडी घरोघर जाऊन असेच विचारतात. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. चारांतल्या तिघांना आला नाही. २०१८ मध्ये हे प्रमाण २०.९ टक्के होते, कोरोनानंतर २०२२ मध्ये ते १६.३ पर्यंत घसरले, आता सावरले आहे. सुधारणा खरी आहे आणि तिचे श्रेय शिक्षकांना दिलेच पाहिजे. पण सावरून आपण जिथे आलो ती जागासुद्धा लाजिरवाणी आहे. 'आमचे मूल खासगी शाळेत आहे' असे म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. खासगी शाळा धरूनही हा आकडा २७.१ टक्क्यांवरच थांबतो. वजाबाकी करू शकणारी तिसरीची मुले सगळ्या शाळा मिळून ३३.७ टक्के, म्हणजे तिघांत एक.

हे आकडे देशाचे आहेत. आपल्या गावाचा आकडा कोणता, हे आपल्यालाच काढायचे आहे. त्यासाठीच हे आवाहन.

आपण कशासाठी भांडलो?

लहान मुलांना वर्गात काय शिकवतात याविषयी महाराष्ट्र उदासीन आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस, बावीस'बरोबर 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची रीत आली, तेव्हा विधिमंडळापासून घरच्या ओट्यापर्यंत वाद झाला. २०२४ मध्ये पहिलीच्या पुस्तकातल्या एका कवितेत इंग्रजी शब्द आले म्हणून समाजमाध्यमे पेटली. २०२५ मध्ये तर सरकारला माघार घ्यावी लागली. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची झाली, १७ जूनला शब्द बदलून तोच निर्णय पुन्हा आला, आणि लोकांचा रेटा इतका वाढला की २९ जूनला दोन्ही शासन निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

ती माघार योग्यच होती. सहा वर्षांच्या मुलाची आपल्याच भाषेच्या अक्षरांशी अजून नीट ओळख झालेली नसते, तिथे तिसऱ्या भाषेचा भार कशाला? पण हिंदी दूर ठेवून जो वेळ वाचला, त्या वेळात मराठी वाचता येऊ लागले का, हे विचारायला कोणी रस्त्यावर आले नाही. संख्यावाचनाच्या वादातही तेच झाले. 'पंचवीस' ऐकताना मुलाच्या कानावर आधी पाच पडतात आणि मग वीस, म्हणून ते ५२ लिहून मोकळे होते. 'एकोणतीस' ऐकताना तीस कानावर पडतात, पण लिहायचे असतात २९. अडचण खरी होती. तिच्यावरचा उपाय पटो न पटो, दुसरीतल्या किती मुलांना २९ वाचता येतात हे मोजून बघावे असे वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांना वाटले.

पुस्तकात काय छापले आहे यावर आपण हिरिरीने भांडतो. त्यातले मुलाच्या पदरात काय पडले, हे मात्र विचारत नाही. ही सवय आता मोडायला हवी.

कुठवर यायला हवे?

निपुण भारत हे अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. त्याने ठरवलेली उद्दिष्टे प्रत्येक पालकाला तोंडपाठ असावीत. पहिली संपताना मुलाला चार-पाच सोप्या शब्दांची, आधी न पाहिलेली वाक्ये वाचता यावीत आणि ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. दुसरी संपताना मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचता यावेत, ९९९ पर्यंतच्या संख्या कळाव्यात, ९९ पर्यंतची वजाबाकी यावी. तिसरी संपताना मिनिटाला किमान ६० शब्द, ९९९९ पर्यंतच्या संख्या आणि सोपा गुणाकार. यात कोणतीही चैन नाही. मिनिटाला ६० शब्द म्हणजे सेकंदाला एक. यापेक्षा हळू वाचणाऱ्या मुलाला वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात आठवत नाही, आणि मग वाचूनही काही कळत नाही.

देशातल्या प्रत्येक मुलाला तिसरीअखेर इथवर आणण्याची मुदत आहे शैक्षणिक वर्ष २०२६-२७. जनगणनेचे कामही नेमके याच वर्षावर आले आहे. २०२६ मध्ये घरयादी आणि २०२७ च्या फेब्रुवारीत प्रत्यक्ष गणना. नेहमीप्रमाणे प्रगणक म्हणून प्राथमिक शिक्षकच बाहेर पडणार. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना जनगणना, निवडणूक आणि आपत्तीनिवारण एवढीच अशैक्षणिक कामे देऊ देते, म्हणजे जनगणना बेकायदा नाही. परंतु मुदतीच्याच वर्षात पहिली-दुसरीचे वर्ग शिक्षकाविना राहिले, तर त्याची भरपाई पुढे कोणी करणार नाही.

तिसरीच का?

चौथीत मुलाच्या हातात शिवछत्रपतींचे पुस्तक येते. महाराष्ट्रात ज्याने शाळेचे तोंड पाहिले त्या प्रत्येकाला ते आठवते. त्या पुस्तकातला अफझलखान, पन्हाळा, आग्रा हे सारे वाचता येणाऱ्या मुलासाठी आहे. ज्याला जोडाक्षर लागत नाही, रफार दिसला की जे थबकते, ते मूल वर्गात ऐकून जेवढे कळेल तेवढ्यावर राहते. परिसर अभ्यास, गणितातली शाब्दिक उदाहरणे, पुढे विज्ञान, सगळीकडे हेच. चौथीच्या पुढे वाचन कोणी शिकवत नाही. ते येते असे धरूनच सगळे विषय चालतात.

पाचवीत त्याचा हिशेब होतो. २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, आणि पुनर्परीक्षेतही जमले नाही तर मूल त्याच वर्गात बसवता येते. दुसरीत जे शिकवायचे राहिले, त्याची शिक्षा पाचवीतल्या मुलाने भोगायची! नापास झालेली मुलगी पुन्हा शाळेत येईलच याची खात्री गावातल्या किती घरांत देता येईल, हे आपले आपणच सांगावे.

हे का होते?

सगळा दोष गुरुजी-बाईंच्या माथी मारणे सोपे आहे, म्हणून ते आधी बाजूला ठेवू. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोन शिक्षक मिळतात. चार इयत्ता, दोन खोल्या, दोन माणसे. एका इयत्तेला शिकवताना दुसरीला फळ्यावरचे उतरवायला लावायचे, यापलीकडे बिचाऱ्यांना पर्याय उरत नाही. त्यात रोज कुठली तरी माहिती ऑनलाइन भरायची, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, केंद्राच्या बैठकीला जायचे.

दुसरे कारण पुस्तक संपवण्याची घाई. अभ्यासक्रम पूर्ण झाला की शाळा सुटल्यासारखी वाटते. वर्गातली दहा मुले पुढे असतात, त्यांच्या उत्तरांवर पाठ पुढे सरकतो. मागच्या रांगेतले मूल सुरात सूर मिसळून म्हणते, धडा त्याला पाठही होतो. घरी ते ओळीखाली बोट फिरवत धडधडा 'वाचून' दाखवते. बोट एका शब्दावर असते आणि तोंड तिसऱ्याच शब्दावर. त्याला मधलीच ओळ वाचायला सांगितली की हे उघडे पडते. पण तसे सांगणारे घरात कोणी नसते, आणि प्रगतिपुस्तकात 'अ-२' श्रेणी व 'वर्गात उत्साहाने भाग घेतो' अशी नोंद पाहून आई-वडील निश्चिंत होतात.

तिसरे कारण भाषेचे. घरात कोरकू, गोंडी, वारली किंवा पावरी बोलणारे मूल पहिलीत येते आणि पहिल्याच दिवशी त्याला न समजणाऱ्या भाषेत सूचना मिळू लागतात. मुलांच्या मातृभाषेत शक्य तितके शिकवावे, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सांगते. मराठीच्या नावाने आवाज उठवणाऱ्यांनी मेळघाटातल्या आणि धडगावातल्या मुलांसाठीही तोच न्याय मागितला पाहिजे. इंग्रजी शाळेतल्या मराठी घरच्या मुलाची गत याहून फार वेगळी नाही. ते इंग्रजी कविता म्हणून दाखवते, पाहुणे कौतुक करतात, आणि त्या कवितेतला अर्थ विचारला की ते आईकडे बघते.

चौथे कारण स्थलांतर. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळा लागला की परततात. शाळेचे निम्मे वर्ष त्यात जाते. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले तर मूल आजी-आजोबांजवळ गावात राहू शकते. ते उशिरा सुरू झाले तर मूल तोपर्यंत फडावर पोहोचलेले असते.

जमते, हे सिद्ध झालेले आहे

यातले काहीही अटळ नाही. 'प्रथम' संस्थेने गेली अनेक वर्षे दाखवून दिले आहे की, दिवसातला तास-दीड तास इयत्ता विसरून मुलांचे पातळीप्रमाणे गट केले तर मागे पडलेली मुले काही आठवड्यांत हलू लागतात. अक्षर ओळखणारी मुले एका गटात, शब्द वाचणारी दुसऱ्यात, परिच्छेद वाचणारी तिसऱ्यात. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवण्याची पद्धत घडवली. तिच्यात मुळाक्षरे क ते ज्ञ अशी ओळीने घोकून घेत नाहीत. थोडी अक्षरे आणि एखादी मात्रा शिकली की लगेच त्यांचे शब्द करायचे, म्हणजे मुलाला पहिल्याच आठवड्यापासून वाचल्याचा आनंद मिळतो. आणि शाळा मुलाकडे न्यावी लागते, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला कुरणशाळा चालवून दाखवले. गुरे राखणारी मुले येत नाहीत तर शाळाच कुरणावर गेली.

राज्य शासनानेही २०२५ मध्ये निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रम हाती घेतला. दुसरी ते पाचवीच्या मुलांचे वाचन आणि गणन तपासून त्यांना पुढे न्यायचे, असे त्याचे स्वरूप. चावडी वाचनही आपल्या शाळांना नवे नाही. फक्त वरून आलेला कार्यक्रम अहवाल गेला की संपतो. गावाने हातात घेतलेला कार्यक्रम टिकतो.

तर काय करायचे?

१. आजच तपासा. सुरुवातीला सांगितलेली दहा मिनिटांची तपासणी प्रत्येक घरात व्हावी. ४२ वजा १७ चे उत्तर ३५ आले, तर मूल आळशी आहे असे समजू नका. त्याने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. दशक मोडून एकक करायचे त्याला कळलेले नाही, आणि हे काड्यांचे गठ्ठे सोडून-बांधून दोन-तीन दिवसांत समजावता येते.

२. रोज अर्धा तास. टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून मुलाने मोठ्याने वाचावे आणि घरच्यांनी ऐकावे. आई-वडिलांना वाचता येत नसले तरी चालेल. 'पुढे काय झाले?' एवढे विचारता आले की पुरे. पुस्तके नसतील तर एसटीची पाटी, रेशन दुकानाचा फलक, बियाण्याची पिशवी, लग्नपत्रिका वाचायला लावा. दुकानातून परत आलेल्या सुट्या पैशांचा हिशेब मुलालाच करू द्या. स्मार्टफोन असेल तर 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टींची पुस्तके फुकट मिळतात.

३. शाळा व्यवस्थापन समिती जागी करा. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला. सही करण्यापुरती सभा आता नको. दर सभेत पहिली ते तिसरीतली किती मुले कोणत्या पातळीवर आहेत, हा विषय पहिला घ्या. खासगी शाळांत हाच प्रश्न पालक-शिक्षक संघात विचारा.

४. चावडी वाचन भरवा. ग्रामसभेच्या दिवशी, पारावर किंवा समाजमंदिरात, मुलांनी आपल्या आवडीचा मजकूर वाचावा. एक पथ्य मात्र कडक पाळा. ज्याला येत नाही त्याचे नाव पुकारायचे नाही, हसायचे नाही, यादी लावायची नाही. भरल्या चावडीत ज्याची फजिती झाली ते मूल पुन्हा पुस्तकाला हात लावणार नाही.

५. गावातल्या शिकलेल्यांनी वेळ द्यावा. बारावी झालेल्या मुली, महाविद्यालयात जाणारी मुले, बचत गटातल्या भगिनी, निवृत्त शिक्षक यांनी आठवड्यातून तीन संध्याकाळी पाच-सहा मुलांचा एक गट सांभाळला, तर लहान गावाचे काम भागते. सार्वजनिक वाचनालयांनी बालविभागाचे कपाट उघडे ठेवावे. गणेशोत्सव मंडळांनी वर्गणीतला थोडा भाग पुस्तकपेटीसाठी काढावा.

६. शिक्षकांनी खरे सांगावे. वर्गातली मुले वाचत नाहीत हे मुख्याध्यापकांनी आणि केंद्रप्रमुखांनी कागदावर मान्य केले, तर त्यांच्यावर कारवाई होऊ नये. खरा आकडा सांगणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी पालकांनी उभे राहावे. आकडा दडपला की मदतही दडपली जाते.

शासनाकडे आणि जिल्हा परिषदांकडे मागणी

रिक्त पदे भरताना पहिली-दुसरीच्या वर्गांना प्राधान्य द्या. जनगणनेची नेमणूक करताना एकाच शाळेतले दोन्ही शिक्षक एकाच वेळी बाहेर काढू नका. माहिती भरण्याचे काम शिक्षकांच्या गळ्यातून काढा. हंगामी वसतिगृहे टोळ्या निघण्याआधी सुरू करा. आदिवासी भागात पहिलीला मुलांची बोली येणारा शिक्षक किंवा स्थानिक सहायक द्या. आणि या वयाच्या मुलांवर नवा विषय, नवी भाषा, नवा उपक्रम लादण्याआधी, हातातल्या एका भाषेत ती वाचू लागली का, याचा तालुकावार आकडा लोकांसमोर ठेवा.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी मागणी केली की, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. आज मुले शाळेत येतात, पट भरतो, हजेरी लागते. फुले-शाहूंनी मुलांना वर्गात आणायची लढाई लढली. वर्गात आलेल्या मुलाला वाचता यावे, ही लढाई आपल्या वाट्याची आहे आणि ती मुंबईतून लढली जाणार नाही.

म्हणून शाळेच्या येत्या सभेला जा. कामाचा दिवस असला तरी जा, बाईमाणसांनी तर नक्कीच जा. उभे राहून एकच विचारा: 'आपल्या शाळेत तिसरीची मुले किती, आणि त्यांतली किती न अडखळता वाचतात?' उत्तर आकड्यातच घ्या, इतिवृत्तात लिहून घ्या, आणि पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा विचारा. दोन्ही आकडे एक होईपर्यंत विचारत राहा.